भिंत आणि बाबा

अकोल्याचा भाचा अमरावतीला आला नि म्हणाला, “मामा, ‘बाबा इज यू’ खेळता काय?” मला वाटले, अध्यात्म! निघाले संगणकावरचे कोडे. फिनलंडच्या आर्वी तेइकारींनी २०१९ साली काढलेले. त्यात नियम म्हणजे समोर पडलेले शब्दांचे ठोकळे. ‘वॉल इज स्टॉप’मधला एक शब्द ढकलला, की भिंतीतून खुशाल चालावे.

“ही लबाडी!” मी म्हणालो.

“नियम मोडला नाही न, मामा. सरकवला.”

मी चपापलो. जन्मभर ज्यांच्यापुढे थांबलो, त्या भिंतींत विटांच्या किती नि शब्दांच्या किती? चेव येऊन मी ‘बाबा इज यू’च ढकलले. सारे ठप्प!

भाचा हसला, “त्या नियमावर तर तुम्ही होते!”

म्हणजे काही नियम सरकवावेत, काहींवर आपण उभे असतो. कोणता कुठला, ते खेळात लिहिलेले असते, घरी सौ.ला विचारावे लागते.