भिंतीतली दोरी

आज गीता, अध्याय ७, श्लोक ७. दोऱ्यात मणी ओवावेत तसं हे सगळं माझ्यात ओवलेलं आहे, असं भगवंत सांगतात.

घरी होम थिएटरसाठी भिंतीतून लांब एचडीएमआय केबल टाकतोय. पंधरा मीटरवर साध्या तांब्याच्या केबलचा फोर-केसाठी भरवसा नाही, म्हणून फायबरची घेतली. (हिला दिशा असते बरं का, उलटी लावली की पडदा काळा!) इलेक्ट्रिशियनदादांनी पाइपात शेजारी एक नायलॉनची दोरीही सोडली. पुढे केबल बदलायची झाली तर भिंत न फोडता नवी ओढता येते.

नोकरीसाठी शहरात आलो की पूजा सुटते, पारायण अर्धं राहतं. वाटतं, आता परत कुठून सुरू करणार? पण श्लोकातला दोरा आपण ओवलेलाच नाही, मग तो आपल्या हातून तुटेल कसा? आज झोपताना एकदाच नाम घेऊन बघा.