पुंगलीचा पूल आणि फ्लेक्सवरची बंदूक

दरवर्षी 11 डिसेंबरला आमच्या शाळेत टांगाइलच्या छत्रीउडीची आठवण होते. गेल्या वर्षी छापलेल्या फ्लेक्सवर आकाशभर छत्र्या होत्या आणि पुढे एके-47 घेतलेला जवान. पाहुणे म्हणून आलेले काका, 2 पॅराचे निवृत्त जवान, फ्लेक्सपुढे थांबले. "काहून लावली सर ही बंदूक? आमच्याकडं एसएलआर होती." मग छत्र्यांकडे बोट करून, "अन् हा फोटो बी आमचा नाही."

दोन्ही खरं होतं. 2 पॅरा ही मुळातली मराठा पलटण. 1971 च्या त्या दुपारनंतर कर्नल कुलवंतसिंग पन्नूंचे सातशेच्या आसपास जवान टांगाइलजवळ उतरले. लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, एवढं काम. इकडेतिकडे पडलेलं सामान गावकऱ्यांनी खांद्यावर वाहून आणून दिलं. (फ्लेक्सवर ते कधीच नसतात.) वृत्तपत्रांना मात्र आग्र्याच्या जुन्या सरावाचं, अख्ख्या ब्रिगेडचं छायाचित्र मिळालं. परदेशी बातम्यांत पाच हजार जवान उतरले. पाच दिवसांनी, 16 डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली.

शत्रूला फसवणं युद्धात चालतं, असं मी मानतो. त्या फोटोने ढाक्यातल्या सेनापतींचा धीर थोडा जरी खचला असेल, तरी दोन्हीकडची काही पोरं त्यामुळे घरी गेली असतील. पण ते खोटं शत्रूसाठी होतं. शरणागतीवर सही झाली तेव्हाच त्याचं काम संपलं. तेच आज आम्ही सातवीच्या मुलांना सांगतो, ते कोणाला फसवायला?

बंदुकीचं मला आधी क्षुल्लक वाटलं होतं. चित्रकाराला नेटवर जी मिळाली ती त्याने टाकली. काकांनी समजावलं: एसएलआरचा चाप ओढला की एकच गोळी सुटते. दाबून धरला तरी दुसरी नाही. पुढच्या गोळीसाठी बोट सोडायचं, पुन्हा ओढायचं.

"रात्री पुलावर ते आले ना, ते पळून चालले होते, सर. घराकडं."

मी गप्प राहिलो. माघार घेणारा सैनिक उद्या पुन्हा ढाक्याच्या खंदकात उभा राहणार होता, म्हणून त्याला अडवणं योग्यच होतं. हे उत्तर मला येतं. काकांनाही येत असणार, त्यांनी त्रेपन्न वर्षं ते स्वतःला दिलं असेल. तरी चाप मोजून ओढावा लागणाऱ्या माणसाच्या हातात आम्ही धडाधड सुटणारी बंदूक दिली, तेव्हा त्याच्या त्या रात्रीतली सगळ्यात जड गोष्टच पुसून टाकली.

मुलांनी विचारलं, किती मारले? काका म्हणाले, "पूल लांब होता." मग त्यांनी सामान वाहणाऱ्या गावकऱ्यांबद्दल बराच वेळ सांगितलं. वर बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, अर्धी मुलं तिकडेच बघत होती. या वर्षीचा फ्लेक्स अजून छापायला दिलेला नाही. काकांकडे त्या वेळचा एकही फोटो नाही.