गीतांतील सत्य आणि गाणाऱ्याचें ऋण

मनुष्य बोलतांना जितका सावध असतो तितका गातांना नसतो. चारचौघांत एखादें विधान करावयाचें झालें तर आपण पुरावा पाहतों, शब्द तोलतों, 'बहुतेक', 'प्रायः' अशा शब्दांचें कुंपण घालतों. पण तेंच विधान पेटीच्या किंवा टाळांच्या साथीनें आलें, कीं शंभर कंठांत आपलाही कंठ मिसळून मोकळे होतों. गणेशचतुर्थीस घरोघर म्हटल्या जाणाऱ्या आरतींतले कांहीं शब्द पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे म्हटले जात आहेत, आणि त्यामुळें कोणाच्या भक्तींत उणें पडलें आहे असें कोणी म्हणत नाहीं. मग गाण्यांतील शब्दांच्या खरेपणाची चौकशी करण्याचें प्रयोजन तरी काय?

हा प्रश्न आमच्यापुढें प्रथम एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरीं उभा राहिला. हे गृहस्थ आमच्याच महाविद्यालयांत कित्येक वर्षें अध्यापक होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या अभंगांवर व पदांवर ते लहानाचे मोठे झाले. त्यांचे चिरंजीव मंदिरांत तरुण मंडळींबरोबर गिटार वाजवून नवीन इंग्रजी गीतें व त्यांचीं मराठी रूपें गातात. एका रविवारीं आम्ही त्यांचेकडे गेलों असतां पितापुत्रांचा वाद रंगात आला होता. वडील म्हणत होते, "ह्या गाण्यांत शास्त्र कोठें आहे? मी, माझें, मला, ह्यापलीकडे दुसरा शब्द नाहीं." मुलगा म्हणाला, "पप्पा, मग स्तोत्रसंहितेंत तरी 'मी' किती वेळां आला आहे, तें एकदां मोजून पाहा ना!" आणि आमच्याकडे वळून, "काका, तुम्ही बाहेरचे आहांत, तुम्हीच निवाडा करा." निवाडा आम्हांस त्या दिवशीं करतां आला नाहीं. पुढील विवेचन हा त्या अपुऱ्या राहिलेल्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

गीतांत शास्त्राचें सत्य आहे किंवा नाहीं, असें आपण विचारतों तेव्हां एकाच प्रश्नाच्या वेषांत तीन निरनिराळे प्रश्न उभे असतात. गीताचे शब्द शास्त्राशीं जुळतात काय, हा पहिला. अनेक गीतें मिळून शास्त्राचें चित्र पुरें उमटतें काय, हा दुसरा. आणि गाणाऱ्याच्या ठिकाणीं तें सत्य आहे काय, हा तिसरा. पहिल्याची चर्चा फार होते, दुसऱ्याची थोडी, आणि तिसरा प्रश्न बहुधा कोणी काढीत नाहीं, कारण तो काढणाऱ्यालाच प्रथम झोंबतो.

पहिल्या प्रश्नाचें अलीकडचें उदाहरण घेऊं. कोरी ॲसबरी या अमेरिकन गायकाचें 'रेकलेस लव्ह' हें गीत 2017 सालीं प्रसिद्ध झालें आणि थोड्याच काळांत देशोदेशींच्या मंडळ्यांत गाइलें जाऊं लागलें. त्यांत ईश्वराच्या प्रेमाला जें विशेषण लावलें आहे त्याचा अर्थ परिणामांची पर्वा न करणारें, बेदरकार, असा होतो. ह्या एका शब्दावरून मोठा वाद माजला. आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, सर्वज्ञ ईश्वराला बेदरकार म्हणणें हा वदतोव्याघात आहे. गीतकर्त्याचें उत्तर असें कीं, ईश्वर अविचारी आहे असें आपण म्हणत नसून, त्याचें प्रेम मानवी हिशेबाला तसें भासतें एवढाच आपला आशय आहे. आतां मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर मौज दिसते. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधणाऱ्यानें आधीं खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टांत आहे. आणि लागलीच पंधराव्या अध्यायांत नव्याण्णव मेंढरें रानांत सोडून एका चुकलेल्या मेंढरामागें जाणारा मेंढपाळ आहे. म्हणजे हिशेब करा असें सांगणारा आणि हिशेब बाजूस ठेवणारा, हे दोघेही एकाच वक्त्याच्या मुखांतून, जवळजवळ एकाच दमांत, आले आहेत. तो शब्द शास्त्रांत नाहीं हें खरें, पण तो ज्या आश्चर्यांतून निघाला तें आश्चर्य शास्त्रांत आहे. आम्हां मराठी वाचकांना यांत फारसें बिचकण्यासारखें नाहीं. जनाबाईनें विठ्ठलाला ज्या शिव्या दिल्या त्या कोणी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतील सिद्धांत म्हणून वाचत नाहीं. त्या जवळिकीच्या आहेत हें ऐकणाऱ्यास ठाऊक असतें. तथापि जनाबाईच्या ओठीं जें शोभलें तें वाटेल त्याच्या ओठीं शोभेलच असें नाहीं, आणि म्हणून आक्षेपकांची सावधगिरीही आम्ही हास्यास्पद मानीत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. 'इन ख्राइस्ट अलोन' हें गीत 2001 सालीं स्टुअर्ट टाउनएंड व कीथ गेटी या दोघांनीं रचलें. ख्रिस्ताच्या मरणानें ईश्वराचा क्रोध शमला, अशा आशयाची एक ओळ त्यांत आहे. अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन चर्चची समिति आपला नवा स्तोत्रसंग्रह तयार करीत असतां, तिनें ही ओळ बदलून तेथें ईश्वराच्या प्रेमाचा महिमा घालण्याची परवानगी कवींकडे मागितली. कवींनीं ती नाकारली. तेव्हां समितीनें मत घेऊन, सहांविरुद्ध नऊ मतांनीं, तें गीत वगळलें. 2013 सालीं निघालेल्या त्या संग्रहांत तें नाहीं. दोन्ही पक्षांना शास्त्राचा आधार होता. पापावरील ईश्वरी क्रोधाची भाषा पौलाच्या रोमकरांस पत्रांत आहे, आणि ईश्वर प्रीति आहे हें वचन योहानाच्या पत्रांत आहे. या वादांत कोण चुकला हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण एक गोष्ट आम्हांस आदरणीय वाटते. एक ओळ बदलली असती तर कवींना प्रसार मिळाला असता, आणि एक ओळ सोसली असती तर समितीला लोकप्रिय गीत मिळालें असतें. दोघांनींही तो लाभ सोडला. मंडळी जें दर आठवड्यास गाते तेंच कालांतरानें ती मानूं लागते, हें दोघांनाही पटलेलें होतें. ज्याला शब्द महत्त्वाचे वाटत नाहींत तो अशा वादांत मनाचा मोठेपणा दाखवितो खरा, पण तो मोठेपणा पुष्कळदा केवळ उदासीनतेचा असतो.

यावरून कोणी असें म्हणेल कीं, शास्त्र हा मापदंड आणि गीत ही मापावयाची वस्तु, एवढेंच तर आहे. परंतु हा संबंध इतका सरळ नाहीं. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत ख्रिस्तानें स्वतःस रिक्त केलें असें सांगणारा जो प्रसिद्ध भाग आहे, तो पौलाच्याही आधीं मंडळींत गाइलें जाणारें एखादें स्तोत्र असावें, असें पुष्कळ विद्वान मानतात. दीडशें स्तोत्रांची स्तोत्रसंहिता तर उघडच गाण्यासाठीं आहे. म्हणजे आज जें शास्त्र म्हणून गीताची परीक्षा करतें त्याचा कांहीं भाग एके काळीं स्वतःच गीत होता. सत्य आधीं गद्यांत सिद्ध झालें आणि मागाहून त्याला चाल लावली, असें नेहमींच घडलेलें नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. एकेक गीत तपासून निर्दोष ठरलें तरी सगळीं मिळून असत्य सांगूं शकतात. स्तोत्रसंहितेंतील सुमारें एक तृतीयांश स्तोत्रें विलापाचीं आहेत. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. त्यांत शेवटीं सांत्वनाची एक ओळही नाहीं. ज्यांनीं हा संग्रह केला त्यांनीं असलें स्तोत्र ठेवावें कीं नाहीं याचा विचार केला नसेल काय? तरी तें त्यांनीं ठेवलें. उलट आजच्या लोकप्रिय गीतांत विजय, आनंद आणि कृतज्ञता यांची रेलचेल असून विलाप विरळा आढळतो. प्रत्येक गीत खरें, पण ज्याचें मूल काल वारलें त्याला रविवारीं गाण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं, असा प्रकार होतो. तसेंच आमोस संदेष्ट्याचें आहे. न्याय नसेल तर तुमच्या गाण्यांचा गोंगाट मजपुढून दूर करा, असा ईश्वराचा निरोप त्यानें आणला. हा निरोप गाण्याजोगा नाहीं, म्हणून तो गाण्यांत फारसा येत नाहीं. आणि जें गाण्यांत येत नाहीं तें हळूहळू स्मरणांतूनही जातें. आमच्या स्नेह्यांची 'मी, माझें' ही तक्रार याच ठिकाणीं आम्हांस बरीचशी खरी वाटते. स्तोत्रसंहितेंतही 'मी' आहे हें चिरंजीवांचें उत्तर बिनतोड होतें. पण तेथील 'मी' रडतो, भांडतो, अपराध कबूल करतो आणि शत्रूला शापही देतो. नवीन गीतांतील 'मी' बहुतेक वेळ समाधानीच असतो.

राहिला तिसरा प्रश्न. ह्याचें उत्तर जॉन न्यूटन याच्या चरित्रांत जितकें स्पष्ट मिळतें तितकें आम्हांस अन्यत्र मिळालेलें नाहीं. न्यूटन 1725 सालीं जन्मला. गुलामांच्या व्यापारांत तो खलाशी होता. 1748 च्या मार्च महिन्यांत समुद्रावरील वादळांत त्यानें ईश्वराचा धांवा केला आणि तेथून तो आपलें परिवर्तन मोजूं लागला. पुढें 1773 च्या नववर्षदिनीं ऑल्नी गांवांतील प्रवचनासाठीं रचलेलें त्याचें कृपेविषयींचें गीत आज 'अमेझिंग ग्रेस' या नांवानें जगभर गाइलें जातें. इतकी कथा पुष्कळांस ठाऊक असते. जी सहसा सांगितली जात नाहीं ती अशी कीं, त्या वादळानंतरही तो गुलामांच्या व्यापारांतच राहिला, गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला, आणि 1754 सालीं त्यानें समुद्र सोडला तो प्रकृतीच्या कारणानें. त्या व्यापाराचा उघड धिक्कार करणारें त्याचें पुस्तक निघालें 1788 सालीं. म्हणजे वादळापासून चाळीस वर्षें, आणि तें गीत रचल्यापासूनही पंधरा वर्षें. ब्रिटिश पार्लमेंटनें तो व्यापार बंद करणारा कायदा 1807 सालीं केला; त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला.

मग 1773 सालीं त्यानें गाइलें तें खोटें होतें काय? तो ढोंगी होता असें म्हणणें सोपें आहे, पण तें खरें वाटत नाहीं. त्याच पुस्तकांत त्यानें आपली कबुली फार उशिरा येत आहे असें लज्जेनें लिहिलें आहे. आम्हांस असें वाटतें कीं, त्याच्या गीतांतील सत्य त्याच्याहून मोठें होतें. आपण आंधळे होतों आणि आतां पाहूं लागलों, असें तो म्हणाला तेव्हां त्याला पुरतें दिसत नव्हतें. पण एकदां तसें म्हटल्यावर न पाहण्याची सोय त्याला राहिली नाहीं. हुंडी आज लिहिली आणि ती वटली पंधरा वर्षांनीं, असा हा व्यवहार आहे. गीत म्हणजे गाणाऱ्याच्या पदरीं असलेल्या पुण्याची पावती नव्हे. तें त्यानें स्वतःच्या हातानें लिहून दिलेलें ऋणपत्र होय. कित्येक तें फेडतात, कित्येक बुडवितात. पण लिहून देणें हीच लबाडी, असें म्हणतां येत नाहीं.

येथें सेंट ऑगस्टीनची आठवण होते. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत त्यानें अशी कबुली दिली आहे कीं, गाइलेल्या अर्थापेक्षां गाण्यानेंच मन अधिक हललें तर तो आपण आपला अपराध समजतों. तरीही त्यानें गाणें बंद करावें असें म्हटलें नाहीं. त्याचें भय आणि त्याची अनुज्ञा हीं दोन्ही आम्हांस जपून ठेवण्यासारखीं वाटतात. गाण्यानें डोळ्यांत पाणी आलें म्हणजे ऋण फिटलें, असें मानणें हाच खरा धोका. आणि तो जुन्या अभंगांना जितका आहे तितकाच गिटारीवरील गीतांना आहे.

आमच्या स्नेह्यांची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या पत्नी दीर्घ दुखण्यानें वारल्या. त्यानंतर एकदां त्यांच्याबरोबर मंदिरांत जाण्याचा प्रसंग आला. त्यांच्या आवडीचें जुनें पद सुरू झालें. ईश्वर देतो त्यांत मी तृप्त आहें, अशा अर्थाच्या कडव्याशीं येतांच ते गप्प झाले, आणि पुढलें कडवें आल्यावर पुन्हा गाऊं लागले. बाहेर आल्यावर आम्हीं भीत भीत विचारलें. ते म्हणाले, "प्राध्यापक, तें मला अजून म्हणवत नाहीं. पण तें पुस्तकांतून काढून टाका असेंही मी म्हणणार नाहीं. आजूबाजूचे म्हणत होते ना, तेवढ्यापुरतें त्यांनीं माझ्यासाठीं म्हटलें." गिटार वाजविणारे चिरंजीव शेजारीं उभे होते, ते कांहीं बोलले नाहींत.

पितापुत्रांच्या त्या जुन्या वादाचा निवाडा आम्हांस विचारला गेला होता. आज विचारला तर आम्ही इतकेंच सांगूं कीं, शब्द तपासा, कारण जें आपण गातों तें आपल्याला घडवितें. संग्रह तपासा, कारण वगळलेलें सत्य हेंही एक असत्य होतें. आणि या दोहोंपुरतें न थांबतां स्वतःला तपासा. जो एका कडव्याशीं प्रामाणिकपणें थांबला त्यानें त्या पदाचा अर्थ इतरांहून कमी जाणला असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या घरांत ख्रिस्ताचें नांव घेतलें जात नाहीं, पण सायंकाळीं हरिपाठ किंवा आरती म्हटली जाते, त्या घरांसही हा हिशेब लागू आहे. वर्षानुवर्षें जें आपण म्हणत आलों त्याखालीं आपलीच सही आहे, याची आठवण वर्षाकांठीं एकदां झाली तरी पुष्कळ झालें.