आभार कोणाचे?

गेल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही सहकुटुंब बंगळुरातील घराजवळच्या लहानशा उपाहारगृहात जेवावयास गेलो. सकाळचा फराळ व दुपारचे जेवण, एवढेच तेथे मिळते. ताटे आली. मी डोळे मिटून प्रार्थना केली. ती जरा लांबलीच. डोळे उघडले, तो वाढपी सांबाराचे तापलेले भांडे धरून तसाच उभा! वाढताना त्याचा हात कापला, सांबार माझ्या सदऱ्यावर सांडले आणि मी त्याच्यावर खेकसलो. धाकटी कन्या हळूच म्हणाली, “बाबा, आत्ताच आभार मानलेत ना?”

वाचकहो, ज्याला आपण दाम मोजतो, त्याचे आभारही मानावेत काय? दामाने देणे फिटते, असे व्यवहार सांगतो. नव्या कराराची मूळ भाषा निराळे सांगते. प्रभूने भाकर घेऊन उपकारस्तुती केली, तेथे ‘युखारिस्तेओ’ हे ग्रीक क्रियापद आहे. पौल प्रिस्क व अक्विला यांचे आभार मानतो (रोम. १६:४), तेथेही तेच. देवासाठी एक आणि माणसासाठी दुसरा, असा भेद त्या शब्दाने केला नाही. शिवाय पंगतीत बसणारा व वाढणारा यांपैकी प्रभूने स्वतःस वाढणाऱ्याच्या जागी ठेवले (लूक २२:२७).

दाम श्रमाचे मोल चुकवितो, माणसाचे नव्हे. निघताना मी त्या वाढप्याची क्षमा मागितली. तो संकोचून हसला. ज्याच्या हातून अन्न येते त्याला ताटकळत ठेवून अन्नदात्याची स्तुती पुरी कशी व्हावी?