खोडलेलं वाक्य कोणाचं?



आपल्या पत्रिकेसाठी जे अनुभव येतात, ते कोणी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवतं, कोणी वहीच्या पानाचा फोटो. मग आम्ही तिघी-चौघी सेवेकरी ते वर्डमध्ये उतरवतो, आणि एकीनंतर दुसरी वाचून दुरुस्त करते. हे काम करताना एक प्रश्न माझ्या मनात बसला आहे. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य आपण बदलतो तेव्हा ते त्याचं राहतं का? आणि बदललं हे त्याला कळलंच नाही तर?

वर्डमध्ये वर ‘रिव्ह्यू’ अशी एक पट्टी असते, तिथे ‘ट्रॅक चेंजेस’ म्हणून सोय आहे. ती चालू असली की खोडलेला शब्द नाहीसा होत नाही, त्याच्यावरून रंगीत रेघ जाते. नवा शब्द वेगळ्या रंगात, खाली रेघ घेऊन येतो. दोघींनी हात लावला तर दोघींचे रंग निराळे. कोणी बदललं, कधी बदललं, तेही कळतं. मग प्रत्येक बदलावर ‘ॲक्सेप्ट’ करायचं की ‘रिजेक्ट’, हे ठरवता येतं. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा मला तर रंगपंचमीची गेर जाऊन गेल्यावरचा राजवाडाच आठवला!

गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका काकूंनी यजमानांच्या आजारपणाचा अनुभव पाठवला होता. त्यात ‘ह्यांना भरती केलं’ असं होतं. कोणीतरी ‘रुग्णालयात दाखल केलं’ असं केलं. आता आपण होळकरांच्या काळापासून इंदूरला, आपल्या मराठीत हिंदी मिसळलेली असणारच. पुण्याच्या माणसाला ‘भरती’ म्हटलं की सैन्य नाही तर समुद्र आठवेल, हे खरं. पण काकू ‘भरती’च म्हणतात, आणि वाचणारे आपणही. माझ्या मते तो शब्द तसाच राहायला हवा होता. तरी तो बदल लहान होता.

मोठा बदल खाली होता. काकूंनी लिहिलं होतं की त्या रात्री मी नाव घेत बसले होते, पण मला काहीच जाणवलं नाही, भीती तेवढी वाटत होती. त्यावर रेघ आली होती आणि जागेवर नवं वाक्य होतं, की त्या रात्री मला गुरुकृपेची प्रचिती आली. ज्या भगिनीने हे केलं तिच्या मनात खोट नव्हती. वाचणाऱ्यांची श्रद्धा वाढावी एवढाच तिचा हेतू. ट्रॅकिंग चालू होतं म्हणून जुनं वाक्य तिथे दिसत तरी होतं. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, जे झालं ते लिहिलंय मी. नाही जाणवलं तर नाही जाणवलं.’’ तो बदल रिजेक्ट केला. पत्रिका गेल्यावर दोघी-तिघींचे निरोप आले. अशा रात्री त्यांनाही काही जाणवलं नव्हतं, आणि इतकी वर्षं त्या धरून बसल्या होत्या की आपलीच भक्ती कमी पडली. ते वाक्य गुपचूप बदललं गेलं असतं तर त्यांच्यापर्यंत काय पोचलं असतं?

जुन्या लोकांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असं नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढे हाताने नकला होत होत पाठ बिघडले, म्हणून पैठणला नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढे मोठे कवी, तरी आपली ओवी यात कोणी मिसळू नये असं त्यांनी निक्षून सांगितलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. तिथे पंडितांनी एक पाठ निवडून वर छापला, पण इतर पोथ्यांमधले वेगळे पाठ तळाशी नोंदवून ठेवले. आणि जिथे निवडलेल्या शब्दाबद्दल खात्री कमी, तिथे त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली. एवढे विद्वान, पण वाचणाऱ्याला पुन्हा तपासायची वाट मोकळी ठेवली. आमच्यासारख्यांनी तर ठेवायलाच हवी.

एक आक्षेप मला पटतो. साठी-सत्तरीच्या माणसाला त्याचं पान रेघोट्यांनी भरून परत दिलं तर तो पुन्हा लिहिणारच नाही. शाळेतली लाल शाई कोण विसरलंय? म्हणून ऱ्हस्व-दीर्घ, टायपिंगच्या चुका मुकाट्याने नीट कराव्यात, त्यात कोणाचा अर्थ बदलत नाही. अर्थाला हात लागत असेल तिथे मात्र शब्द न बदलता बाजूला ‘कॉमेंट’ टाकावी, प्रश्नाच्या स्वरूपात. ‘हे असं म्हणायचंय का?’ एवढंच. आणि ही चर्चा लेखकापुरती, सबंध ग्रुपसमोर नाही.

कॉमेंट लिहिताना समोर माणूस बसलाय असं समजूनच लिहावं. कारण ‘नो मार्कअप’ निवडलं की रंग आणि शेरे दिसेनासे होतात, पण ते पुसले गेलेले नसतात. तीच वर्डची फाइल पुढे गेली आणि कोणी ‘ऑल मार्कअप’ केलं, की ‘फारच रटाळ आहे’ हा शेरा नावासकट समोर! पाठवण्याआधी बदल ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करून संपवावे लागतात, कॉमेंट डिलीट कराव्या लागतात.

या महिन्यापासून अर्थाचा बदल सुचवलेली प्रत आधी लिहिणाऱ्याकडे जाईल, होकार आल्यावरच पत्रिकेत येईल. फोनवर ज्यांना फाइल उघडता येत नाही त्यांनी तसं कळवावं. दुपारी तीन ते पाच आमच्यापैकी कोणीतरी फोन करून जुनं आणि नवं, दोन्ही वाक्यं वाचून दाखवेल.