हवेचं मागणं

आधी बसा. खुर्चीवर, ओट्यावर, जमिनीवर, जिथे असाल तिथे. खांदे सैल सोडा. एक श्वास नेहमीपेक्षा सावकाश सोडा आणि सोडताना तळहात नाकासमोर धरा. हाताला लागते ती ओलसर ऊब म्हणजे तुमच्याच शरीरातलं पाणी आहे, आणि ते आत्ताच तुमच्याकडून निघालं. दिवसभरात पाव ते अर्धा लिटर पाणी असं नुसतं श्वासावाटे जातं.

आज या निघून जाणाऱ्या पाण्याजवळ थोडा वेळ बसू. पाऊस येताना दिसतो, पत्र्यावर वाजतो. ओढ्याचा आवाज लांबून कळतो. वर जाणारं पाणी मात्र ना दिसतं, ना ऐकू येतं. चहाच्या कपावर तरंगते तिला आपण वाफ म्हणतो, पण ते थंड हवेत शिरून पुन्हा बारीक थेंब झालेलं पाणी असतं. खरी वाफ पारदर्शक. जे दिसतच नाही ते मोजायचं कसं?

मनाने एका कृषी वेधशाळेत चला. तारेचं कुंपण, झडपांची पांढरी पेटी, पर्जन्यमापक. थोडं बाजूला, बुटक्या लाकडी चौकटीवर, तांब्याचं गोल पसरट पात्र ठेवलेलं आहे. रुंदी 122 सेंटिमीटर, खोली 25च्या आसपास, बाहेरून पांढरा रंग. वर तारेची जाळी, म्हणजे तहानलेली पाखरं त्यात चोच घालणार नाहीत. हे बाष्पीभवन पात्र. तिथे काम करणारे नुसतं ‘पॅन’ म्हणतात. पात्राच्या आत एक लहान नळकांडं आहे, त्यात पाणी हलत नाही, आणि त्या निश्चल पाण्यात वर टोक केलेली एक सुई उभी आहे. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो आणि मोजपात्राने पाणी ओततो, पाण्याची पातळी सुईच्या टोकाला नेमकी टेकेपर्यंत. जेवढं ओतावं लागलं तेवढं कालपासून गेलं. मध्ये पाऊस झाला असेल तर तोही त्यात मिळवायचा.

त्या सुईच्या टोकावर नजर ठेवा. गेलेलं पाणी कुणाच्या हाती लागलेलं नाही. रिकामी झालेली जागा भरली, आणि भरताना किती लागलं त्यावरून गेलेलं कळलं.

मराठवाड्यात मे महिन्यात हा आकडा दिवसाला 10 मिलिमीटरच्या वर सहज जातो. 12 मिलिमीटर धरले तर एवढ्याशा पात्रातून एका दिवसात सुमारे 14 लिटर पाणी गेलं. हे पाणी कोण घेऊन गेलं? जॉन डाल्टन यांनी 1802 मध्ये त्याचं उत्तर मांडलं होतं: पाण्याच्या पृष्ठभागालगतचं बाष्प आणि वरच्या हवेतलं बाष्प यांत जेवढी तफावत, तेवढी ओढ, आणि वारा असेल तर ती आणखी जोराची. पुढे 1948 मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड इथे हॉवर्ड पेनमन यांनी ऊन आणि वारा दोन्ही एकाच सूत्रात बसवले. ते सूत्र, सुधारलेल्या रूपात, आजही पिकाला पाणी किती द्यायचं हे ठरवताना वापरतात.

पॅनकडे पुन्हा पाहा. त्याला मुळं नाहीत, पानं नाहीत, उद्यासाठी काही राखून ठेवायचं नाही. ऊन आणि वारा जेवढं मागतील तेवढं तो देतो. म्हणून पॅनचा आकडा हा हवेच्या मागण्याचा आकडा आहे. रान किती देतं, हे त्यातून कळत नाही. मागणं आणि देणं यांच्यामध्ये कोण उभं आहे, तिकडे आता सावकाश जाऊ.

त्याआधी एक लहानसं काम करा. डाव्या हाताची पाठ पाण्याने ओली करा आणि तिच्यावर हळू फुंकर घाला. गार लागतं. तुमच्या त्वचेतली उष्णता घेऊन पाणी निघतं आहे. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट उष्णता तेच पाणी वाफ करायला लागते. विजेच्या हिशेबात लिटरमागे सुमारे दोन-तृतीयांश युनिट. एका हेक्टर रानातून दिवसाला 4 मिलिमीटर पाणी गेलं तर ते 40,000 लिटर होतं, आणि तेवढ्या पाण्याबरोबर 27,000 युनिटांएवढी उष्णता त्या रानातून उचलली जाते. गर्द झाडीत शिरताच अंगाला जो गारवा लागतो त्यात सावलीचा वाटा आहेच, पण हा दुसरा वाटाही आहे. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. ओल्या हातावर आणखी एकदा फुंकर घाला.

आता एका झाडाजवळ उभे राहा. आंबा असो, पिंपळ असो, सोसायटीतला करंज असो. एक पान उलटं करून बघा. खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं आहेत, आणि प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना ओठांसारख्या दोन पेशी. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा आहे, आणि त्यासाठी दार उघडावं तर पाणी बाहेर पडतं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू निघून जातात. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं 95 टक्क्यांहून जास्त पाणी याच वाटेने जातं. झाडाच्या अंगी लागतं ते फार थोडं. आणि हे पाणी वर ढकलणारा पंपही झाडात कुठे नाही. पानातून एक रेणू निघाला की तो मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, आणि ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. डब्लिनमध्ये डिक्सन आणि जोली यांनी 1894 मध्ये हा विचार मांडला, आणि तो टिकला.

शक्य असेल तर उन्हात एका पानांनी भरलेल्या डहाळीला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि तासाभराने या. पिशवीच्या आत थेंब जमलेले असतील. एरवी यातलं काहीच दिसलं नसतं.

स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने 1724च्या उन्हाळ्यात हेच काम तराजूने केलं. कुंडीत लावलेलं मोठं सूर्यफूल, मातीतून पाणी उडू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा, आणि सकाळ-संध्याकाळ वजन. जेवढं वजन घटलं तेवढं पानांतून गेलं. त्याने पानांचं क्षेत्रफळही मोजलं, मुळांचंही. 1727 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. एका फुलझाडाकडे इतका वेळ देणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

पण रानातला साग तराजूवर ठेवता येत नाही. तिथे आंद्रे ग्रानिये या फ्रेंच संशोधकाने 1985 मध्ये सुचवलेली युक्ती चालते. खोडाच्या ओल्या लाकडात दोन बारीक सुया खोचायच्या, एक वर, एक खाली. वरची सुई किंचित तापवायची. रस वेगाने चढत असेल तर तो तिची उष्णता वाहून नेतो आणि दोन्ही सुयांच्या तापमानातला फरक कमी होतो. रस थांबला की फरक वाढतो. आता तुमचा तळहात खोडावर ठेवा. सालीवर काहीही जाणवणार नाही. त्याच्या आत, बोटभर अंतरावर, पहाटेपासून चढत गेलेला प्रवाह दुपारी कदाचित मंदावलेला असेल. हवेचं मागणं सर्वांत जास्त असतं त्याच वेळी पुष्कळ झाडं छिद्रं मिटू लागतात.

इथे थांबा. मला वाटतं, सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

मेळघाटातलं किंवा बैतूलचं सागवन मे महिन्यात डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर कुरकुरीत पानांचा थर, वर उघड्या फांद्या, पांढरं आकाश. वेधशाळेतला पॅन या दिवसांत वर्षातलं सर्वांत जास्त पाणी गमावतो. आणि हे रान सर्वांत कमी देतं. हवा मागते आहे आणि सागाने पानंच गाळून टाकली आहेत. पॅनच्या आकड्यावरून रानाचा हिशेब करायला गेलात तर नेमकं उलटं उत्तर हाती येईल.

तरी सगळी झाडं सागासारखी वागत नाहीत. त्याच उन्हाळ्यात, चैत्राच्या सुमाराला, कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते. करंज हिरवागार होतो. दोन-दोन महिने पावसाचा थेंब नसताना हे पाणी कुठून येतं? खोल मातीतून, मुरमाच्या आणि फुटक्या खडकाच्या भेगांतून. गेल्या श्रावणात मुरलेलं पाणी या चैत्रात कुसुमाच्या पानातून हवेत जातं. मधले सात-आठ महिने ते अंधारात थांबलेलं होतं. त्या थांबण्याचा थोडा वेळ विचार करा. जमिनीने ते आत घेतलं नसतं, पावसाच्या दिवशीच ते ओढ्याने वाहून गेलं असतं, तर चैत्रात द्यायला काही उरलंच नसतं. डोंगरउतारावरचा पालापाचोळा आणि मुळांनी भुसभुशीत केलेली माती यांचं काम इथे आहे.

मातीत किती पाणी आहे हे मोजण्याची एक रीत मला फार विलक्षण वाटते. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाला धडकतात, त्यातून न्यूट्रॉन तयार होतात आणि जमिनीत शिरतात. पाण्यातल्या हायड्रोजनला धडकले की त्यांचा वेग पार मंदावतो. त्यामुळे माती ओली असेल तर जमिनीवर परत येणारे वेगवान न्यूट्रॉन कमी, कोरडी असेल तर जास्त. ते मोजणारा संवेदक खांबावर बसवला की आजूबाजूच्या शे-दोनशे मीटरांतली ओल, माती न उकरता, एकत्र कळते. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या आवारात असा एक संवेदक आहे. आता बसल्या जागी पायाखाली लक्ष न्या. आकाशगंगेत कुठेतरी फार पूर्वी फुटलेल्या ताऱ्यांकडून निघालेल्या कणांनी घडवलेले न्यूट्रॉन तुमच्याखालच्या ओलीची बातमी घेऊन या क्षणीही वर येत आहेत.

आता आषाढ. सह्याद्रीचा माथा, आंबोली किंवा कोयनेचं रान. हवा इतकी ओली की तिचं मागणं नावापुरतंच. तरीही रानातून पाणी जातच असतं, आणि तेही पानांच्या छिद्रांतून कमी, पानांच्या वरून जास्त. पावसाचा काही भाग जमिनीवर पोचतच नाही; पानांवर, फांद्यांवर, शेवाळावर अडकतो आणि दोन सरींच्या मध्ये उडून जातो. हे मोजायला झाडाखाली पन्हळी मांडतात आणि खोडाभोवती गळपट्टी बांधून ओघळणारं पाणी नळीने डब्यात घेतात. उघड्यावरचा पाऊस वजा खालचा पाऊस, एवढाच हिशेब. पुन्हा तेच: जे नाही त्यावरून जे गेलं ते ओळखायचं.

सगळं रान एकदम किती देतं, ते मोजायला मात्र झाडांच्या वर जावं लागतं. बैतूलच्या सागवनात आणि आसामच्या काझीरंगात त्यासाठी उंच मनोरे उभे केले आहेत. मनोऱ्याच्या टोकावर ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र, आणि शेजारी हवेतलं बाष्प मोजणारं दुसरं. सेकंदाला 10 ते 20 वेळा दोन्ही नोंद घेतात. डोळे मिटा आणि त्या टोकावर वारा कसा असेल ते बघा. तो सरळ वाहत नाही. लहान-मोठ्या भोवऱ्यांतून वर-खाली होत वाहतो. वर जाणारा झोत रानाला स्पर्श करून आलेला, म्हणून किंचित ओला. खाली येणारा किंचित कोरडा. अर्ध्या तासातल्या अशा हजारो झोतांमधला हा बारीक फरक जमा केला की त्या अर्ध्या तासात रानाने किती पाणी दिलं ते कळतं. विल्यम स्विनबँक यांनी ऑस्ट्रेलियात 1951 मध्ये ही कल्पना मांडली. तिला पुरेसं वेगवान उपकरण मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली.

आणि इतकं करूनही हिशेब जुळत नाही. किरणांतून रानाला निव्वळ मिळालेली उष्णता एका बाजूला. पाण्याबरोबर गेलेली, हवा तापवून गेलेली आणि जमिनीत शिरलेली दुसऱ्या बाजूला. जगभरच्या मनोऱ्यांवर दुसरी बाजू पहिलीपेक्षा कमी भरते, बहुतेक ठिकाणी 10 ते 30 टक्क्यांनी. काही उष्णता खोडांत आणि पानांत साठते, काही फार मोठ्या, संथ भोवऱ्यांबरोबर निसटते, ज्यांना अर्धा तास पुरत नाही. हे काम करणारे लोक ही तूट लपवत नाहीत. आपल्या निबंधांत ती छापतात. आपणही ती भरून काढायची घाई करू नये. जुळत नसलेल्या हिशेबाजवळही बसता येतं.

वर गेलेलं बाष्प हवेत सरासरी आठ-दहा दिवस राहतं. सह्याद्रीवरून गेलेलं बाष्प पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघतं. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा माग काढला: पश्चिम घाटातल्या रानांनी दिलेलं पाणी तामिळनाडूच्या नैऋत्य मोसमी पावसात मोठा वाटा उचलतं, आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी हा वाटा आणखी वाढतो. धरणाच्या कागदावर बाष्पीभवन तुटीच्या रकान्यात मांडतात, आणि जायकवाडीसारख्या उघड्या, उथळ जलाशयापुरतं ते योग्यच आहे. रानाला तो रकाना लावला की डोंगराच्या पलीकडचं शेत हिशेबातून गळतं. समुद्राकडून येणारं बाष्प कमी पडतं त्या आठवड्यांत घाटातली झाडं आधीच्या सरींचं मातीत मुरलेलं पाणी वर देत राहतात, आणि घाटापलीकडच्या कोरडवाहू रानांवर पडणाऱ्या सरींमध्ये ते पाणी असतं.