घाटाचा राजा कोण?

गेल्या वर्षीच्या कार्तिकात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कोकणातल्या एका गावी कीर्तनसेवा होती. आरती झाली, मंडळी बुक्का लावून पांगू लागली, तोच एक बाई आपल्या विशीतल्या मुलाला हाताला धरून पुढे आल्या. म्हणाल्या, "बुवा, याला तुम्हीच दोन शब्द सांगा. दर रविवारी पहाटे सायकल काढतो आणि घाट चढतो. नाहीतर पाठीवर पिशवी टाकून कुठल्यातरी नाळेतून डोंगरावर जातो. ना काम, ना व्यापार, ना देव! एखाद दिवशी हातपाय मोडून घेईल."

मी सवयीने सुरुवात केली, की बाबा रे, नरदेह दुर्लभ आहे, तो असा पणाला लावू नये. मुलाने सगळे ऐकून घेतले. मग नम्रपणे म्हणाला, "महाराज, एक विचारू? तुम्ही दिवे घाट चढता ते पुण्य, आणि मी आमचा घाट चढतो तो माज, असं का?"

खरे सांगतो, त्या रात्री मला उत्तर आले नाही. "पुढच्या खेपेला सांगेन" म्हणून मी वेळ मारून नेली. पण शंका काही पाठ सोडीना. ती आज वाचकांपुढे मांडतो.

प्रथम 'घाट' हा शब्दच पाहा. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे नदीकाठची उतरण्याची जागा. आपण नदीच्या पायऱ्यांनाही घाट म्हणतो आणि डोंगरातल्या वाटेलाही घाटच म्हणतो. दोन्हीकडे अर्थ एकच, पलीकडे जाण्याची सोय. पुराणांत जे सात कुलपर्वत सांगितले, त्यांत आपला सह्य आहे. 'सह्' म्हणजे सोसणे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला देश, आणि मध्ये तापीपासून दक्षिणेकडे सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली ही भिंत. समुद्रावरून आलेला ढग तिला अडतो आणि रिता होतो. माथ्यावर पडलेला थेंब चार पावले पश्चिमेला पडला तर लगेच कोकणातून अरबी समुद्राला मिळतो, आणि चार पावले पूर्वेला पडला तर भीमेत शिरून पंढरीला चंद्रभागा होतो, पुढे कृष्णेबरोबर पूर्वसमुद्राला जातो. थेंब तोच, कूस तेवढी निराळी.

या भिंतीत माणसाने वाटा काढल्या त्या हौसेने नव्हे. कोकणातले मीठ वर न्यायचे, देशावरचे धान्य खाली आणायचे, यासाठी ओझ्याच्या बैलांचे तांडे शेकडो वर्षे या घाटांनी चढले-उतरले. जुन्नरजवळचा नाणेघाट तर सुमारे दोन हजार वर्षांचा. माथ्याशी कोरलेल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणते यज्ञ केले, गाई, घोडे, हत्ती, नाणी किती दान दिली, याची त्यात मोठी यादी आहे. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे सांगतात. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज काय उरले? वरती नावे आणि खाली पायांच्या खुणा. मधला राजा गेला!

आता दुसरा राजा पाहा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो बोरघाट सर्वांत आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची रीत पडली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरांची उंची सायकलवर चढायची म्हणजे खेळ नव्हे. त्या मुलाने मला सायकलीच्या दातेरी चक्रांचे मर्म समजावून सांगितले. चढावर हलके चक्र लावले की पायाला जोर कमी लागतो, पण पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. नागमोडी रस्त्याचेही तेच. पाऊलवाट आखूड पण उभी, गाडीरस्ता सोपा पण लांब. अहो, उंची कोणालाच चुकत नाही, तिचे हप्ते तेवढे पाडून मिळतात! मला हा दृष्टांत फार आवडला. प्रारब्धाचेही असेच आहे बरं का.

असो. शंका अशी की, गरजेने घाट चढणारा आणि आवडीने चढणारा, या दोघांच्या घामात फरक आहे काय? डोक्यावर मोळी घेऊन अनवाणी चढणारी बाई आणि भारी सायकलवरचा तरुण एकाच वळणावर भेटतात. दोघांच्याही छातीचा भाता सारखाच चालतो. पण बाईला तो चढ टाळता आला तर ती टाळील, तरुणाला टाळता येतो आणि तो टाळत नाही. म्हणून कोणी म्हणेल की आवडीचे कष्ट म्हणजे श्रीमंती चोचले. पण मग उपवासाचे काय? ज्याच्या घरी धान्यच नाही त्याची उपासमार होते, ज्याच्या घरी आहे त्याचाच उपवास होतो. स्वेच्छेने पत्करलेले कष्ट हेच तर तप. तेव्हा 'गरज नव्हती' एवढ्यावरून त्या मुलाला दोष देता येत नाही. तो दोष आपल्याही अंगाशी येतो.

मग भेद कुठे? गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केले आहेत. फळाची आशा न धरता श्रद्धेने केलेले ते सात्त्विक, मानसन्मानासाठी केलेले ते राजस, आणि हट्टाने स्वतःला पीडून किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले ते तामस. लक्षात घ्या, तिथे घाट कोणता, वाहन कोणते, हे विचारलेले नाही. विचारले आहे ते करणाऱ्याचे मन.

हे मी जन्मभर कीर्तनात सांगत आलो. पण कळले ते यंदाच्या आषाढात. माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. पुण्याहून सासवडच्या वाटेवर दिवे घाट लागतो. माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या जोडतात आणि दिंड्या एका लयीत वर सरकतात. तो घाट यंदा मी दिंडीच्या सामानाच्या टेम्पोत, तांदळाच्या पोत्यावर बसून चढलो. ओळखीची माणसे दिसली की मी मान आत घेई. लाज वाटत होती हो! आणि एका वळणावर मनाने मलाच विचारले, बुवा, लाज कशाची? पांडुरंग काय पोत्यावर बसून येणाऱ्याला भेटत नाही? मग इतकी वर्षे हा घाट तू त्याच्यासाठी चढत होतास, की 'बुवा या वयातही पायी चालतात' हे ऐकण्यासाठी? त्या मुलाच्या 'माज' या शब्दाचा काही वाटा माझ्याही पदरात होता. सायकलवाल्याला एक दिवस राजा म्हणतात, मी मनातल्या मनात कितीतरी वर्षे राजा होतो.

तेव्हा पुढच्या खेपेला त्या मुलाला मी जे सांगणार आहे ते असे. बाबा, घाट जरूर चढ. पण तीन प्रश्न स्वतःला विचारीत जा.

पहिला, तुझ्या साहसाची किंमत कोण देतो? भर पावसात निसरड्या कड्यावर गेलास आणि पाय घसरला, तर रात्री दोर आणि दिवे घेऊन खालच्या वाडीतली माणसेच उतरतात. तुझ्या हौसेसाठी त्यांचा जीव टांगणीला लागत असेल, तर ते तप तामस झाले. आणि सायकलीवर खरा धोका चढात नसतो, उतारात असतो. चढताना दम माणसाला आवरतो, उतरताना स्वतःलाच आवरावे लागते.

दुसरा, वाट कोणी केली ते आठवतोस काय? बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी आली. लोहमार्ग खोदताना अपघाताने आणि पटकीने हजारो मजूर मेले. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात की शिंगरोबा हा धनगर, त्याने साहेबाला डोंगरातली वाट दाखवली आणि त्याचे फळ म्हणून प्राण गमावला. येणारे-जाणारे तिथे नाणे टाकतात. तूही दोन घटका सायकल थांबव आणि हात जोड. ज्या वाटेने आपण वर आलो ती आपली नव्हे, हे एवढे कळले तरी अर्धा घाट चढून झाला.

तिसरा, घरी आल्यावर कसा वागतोस? थकून आलेला माणूस आईवर खेकसला तर घाट वाया गेला. तिच्या हातची घागर त्याने आपणहून घेतली, तर घाट फळला. पुण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

आणि त्या माउलीलाही सांगेन की, बाई, पोराला अडवू नका. निघताना वाट विचारून घ्या, परतायची वेळ ठरवून घ्या, आणि आल्यावर माथ्यावर काय दिसले ते विचारा. त्याला ते कोणालातरी सांगायचे असते.

आता घाटाचा राजा कोण? नाणेघाटात नावे कोरलेल्या राजांच्या पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. मोळीवालीचे नाव कुठेच कोरलेले नाही, पण तिच्यासारख्यांच्या पायांनीच वाट मळली. तेव्हा राजेपण सोडावे आणि पाय तेवढे शिल्लक ठेवावेत. गुडघे चालत असतील तर पायी चालावे, नसतील तर तांदळाच्या पोत्यावर बसावे, पण मान आत घेऊ नये. पुढच्या आषाढात मी तसाच येणार आहे. दिसलो तर हात करा.

रामकृष्ण हरी.